बासष्ट नावांची रांग

"ताई, ह्यातनं भिंतच हालायलीया बगा."

बायाक्का सातपुतेनं नवा कोरा चष्मा नाकावर चढवला होता. शाळेच्या भिंतीकडे बघत तिनं एक हात पुढं केला, आधाराला काहीतरी सापडेल या आशेनं. तिथं नेमका फळ्याचा स्टँड होता. तो धाडकन खाली आला.

"सवय व्हायला दोन दिवस लागतात, बायाक्का," मी म्हणाले.

"दोन दिस कुठलं काढू? उद्या नवाला परीक्षा हाय माजी."

सकाळपासून तिनं हे तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली होती. कोल्हापुरात चप्पल कारागिरांचं नवं केंद्र निघालं होतं. तिथं मुलींना चामड्याच्या वेण्या गुंफायला शिकवणारी बाई हवी होती. सोमवारी सकाळी नऊ वाजता परीक्षकांसमोर बसून सात पदरी बारीक वेणी गुंफून दाखवायची, जमली तर नेमणूक. बायाक्का बावन्न वर्षांची. तिच्या हातची वेणी एके काळी पंचक्रोशीत नावाजलेली होती, पण दोन वर्षांपासून तिला चामड्याची बारीक वादी दिसेना. मग चपलांचे तळवे कुटणं आणि चामडं भिजवणं एवढंच तिच्या वाट्याला राहिलं. तिच्या डोळ्यांचा नंबर असा वाकडा होता की बाजारातला तयार चष्मा चालत नव्हता. आमच्या शिबिरात डोळे तपासून घेतल्यापासून ती तीन आठवडे या रविवारची वाट बघत होती. दीडच्या एसटीनं ती कोल्हापूरला भाच्याकडे निघणार होती. आता सव्वाअकरा झाले होते.

"माजंबी तसंच झालंय," मागून हौसाक्का म्हणाली. ही पासष्टीची, तोंडाची तिखट. "ह्यो चष्मा लावला की सूनबी बरी दिसती. म्हंजे कायतरी चुकलंयच."

लोक हसले. बंडा सुतारानं आपला चष्मा काढून उलटसुलट करून बघितला. "मला तर लांबचंबी दिसंना आन् जवळचंबी. आदी निदान येक तरी दिसत हुतं."

मी मात्र हसले नाही. एकाला त्रास झाला तर सवयीचा प्रश्न, दोघांना झाला तर योगायोग. पण तोवर चाळीसएक पाकिटं वाटून झाली होती आणि अख्खी शाळा डोळे चोळत बसली होती.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

तालुक्याच्या गावी डोळ्यांच्या एका छोट्या ट्रस्टमध्ये मी कामाला होते. गावोगाव शिबिरं घ्यायची, डोळे तपासायचे, चष्मे करून आणून वाटायचे. डॉक्टरांचा एक नियम होता. चष्मे बनवणाऱ्या कार्यशाळेत माणसाचं नाव जाता कामा नये, फक्त कोड जावा. कुणाला काय आजार आहे याची वाच्यता नको म्हणून. त्यामुळे चष्मे परत यायचे ते पाकिटावर एक, दोन, तीन असे कोड घालून, आणि मग कोणता कोड कुणाचा हे जुळवत आम्ही दोन-दोन दिवस बसायचो.

मी ते आपोआप होईल असं केलं होतं. प्रोग्रॅमिंगचं एक अक्षर मला येत नव्हतं आणि त्याची गरजही पडली नाही. चौकटी ओढायच्या, त्या बाणांनी जोडायच्या, की काम आपलं आपण चालतं, अशी एक सोय मला सापडली होती. शिबिरात फोनवर फॉर्म भरला की शीटमध्ये एक ओळ उमटायची. कार्यशाळेनं 'तयार' अशी खूण केली की ती व्यवस्था कोड उचलायची, नावांच्या पानावर जाऊन त्या कोडासमोरचं नाव शोधायची आणि लेबल छापायला पाठवायची. मी फक्त लेबलं फाडून पाकिटांवर डकवायची. धामणवाडी हे पहिलं गाव. हे जमलं तर पुढं चाळीस गावांत करायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. आठवडाभर मी ऑफिसात अशी वावरत होते की जणू वीज मीच शोधून काढली.

"जरा थांबा," मी सगळ्यांना म्हणाले. "पाकिटं परत पेटीत टाका. मी बघते काय झालंय ते."

मी लॅपटॉप घेऊन शेजारच्या वर्गात गेले. धामणवाडी घाटाच्या तोंडाशी वसलेली. रेंज हवी तर खिंडीपर्यंत जायचं, मोटारसायकलनं जाऊन यायला अडीच तास. आमची जीप आम्हाला सोडून पुढच्या गावाला गेली होती, ती चार वाजता येणार होती. लॅपटॉपमध्ये मी उतरवून आणलेलं एकच पान होतं, कोड आणि नाव असलेलं. बाकी सगळा पसारा इंटरनेटवर.

पाकिटावरचा कोड, लेबलवरचं नाव आणि पानावरची ओळ मी पडताळून बघितली. एक नंबर आजगेकर हौसाबाई, पाकिटावरही तेच. दोन नंबर बरोबर, तीन बरोबर. माझी व्यवस्था एका अक्षरानंही चुकली नव्हती. मी वरून खाली नजर फिरवली. आजगेकर, कांबळे, कांबळे, कुंभार, गुरव. तळाशी सावंत, सुतार, हुक्केरी.

शिबिरात कोड रांगेप्रमाणे दिले होते. जो पहिला आला तो एक, दुसरा तो दोन. आणि कुठल्याही गावात माणसं अकारविल्ह्यानं रांगेत उभी राहत नाहीत.

"गुरुजी!" मी हाक मारली.

शिंत्रे गुरुजी दारातच होते. सदाशिव शिंत्रे, वय एकाहत्तर. छत्तीस वर्षं प्राथमिक शिक्षक, त्यातली अठरा याच धामणवाडीच्या शाळेत. निवृत्तीनंतर, आणि विशेषतः बायको गेल्यानंतर, ते आमच्या ट्रस्टमध्ये विनामोबदला येत. शिबिरात अक्षरांच्या तक्त्याशेजारी छडी घेऊन उभं राहणं आणि रांग लावणं ही त्यांची कामं. त्या दिवशी सकाळपासून ते जरा गप्प होते. एक हात जाकिटाच्या खिशावर ठेवून उभे होते. मला वाटलं, छातीत जळजळतंय की काय.

"गुरुजी, ही नावं अशी कुणी लावली?"

"मी," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "गुरुवारी तू जेवायला गेली होतीस तेव्हा. किती विस्कळीत होती यादी! एक सुतार वर, एक सुतार खाली. तूच नाही का शिकवलंस मला, रकाना निवडायचा, टिचकी मारायची."

शिकवलं होतं खरं. गुरुजी सारखे म्हणत, मलाही दाखव की गं. एकदा त्यांना गुंतवून ठेवावं म्हणून मी सरावाच्या एका पानावर ते दाखवलं आणि डबा खायला गेले.

"आणि शेजारचे आकडे?"

"आकडे कशाला हलवायचे?" गुरुजींना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "हजेरीपटात आकडे जागेवरच असतात. एकपासून पुढं. दर जूनमध्ये नावं नव्यानं अकारविल्ह्यानं लावायची, आकडे छापलेलेच. छत्तीस वर्षं तेच केलं."

मी कपाळाला हात लावला. त्यांच्या हजेरीपटात आकडा जागेचा होता आणि माझ्या शीटमध्ये तो माणसाचा होता. नावं हलली, आकडे तिथंच राहिले, आणि माझ्या हुशार व्यवस्थेनं प्रत्येकाला इमानेइतबारे दुसऱ्याचा चष्मा दिला.

हे मी त्यांना सांगितलं. गोड शब्दांत सांगितलं नाही. आवाज चढला माझा. "वर लिहिलं होतं ना, यादीत फेरफार करू नये म्हणून? वाचायचं तरी!"

गुरुजी बाकावर बसले. त्यांचा हात पुन्हा खिशाकडे गेला.

"बासष्टच्या बासष्ट?" त्यांनी विचारलं.

"एकसष्ट. एक पाकीट मिळत नाहीये. सकाळी मोजली तेव्हाच कमी भरलं, कार्यशाळेत राहिलं असेल." मी लॅपटॉप मिटला. "मी त्यांना सांगते की कार्यशाळेचा घोळ आहे. पुढच्या रविवारी या."

"आणि बायाक्का?"

खोटं बोलायचं ठरवून मी बाहेर निघाले, पण गुरुजी माझ्या आधी उठले. व्हरांड्यात जाऊन त्यांनी टाळी वाजवली. पन्नास-साठ माणसं, त्यातली निम्मी त्यांच्या हाताखालून गेलेली, गपकन शांत झाली.

"चष्म्यांची अदलाबदल झालीय," गुरुजी म्हणाले. "चूक माझी आहे. मी यादीत हात घातला. ताईंच्या कामात खोट नाही, कार्यशाळेच्याही नाही."

बंडा म्हणाला, "गुरुजी, तुमी चुकलासा? परत येकदा म्हना, पोरांस्नी ऐकू दे. एकोणतीसच्या पाढ्यापायी कान लाल केलता तुमी माजा."

हशा पिकला. गुरुजीही कसंनुसं हसले. बायाक्का मात्र हसली नाही. पिशवी उराशी धरून ती पायरीवर बसली होती. "मग माजा चष्मा ह्या पेटीत हाय," ती म्हणाली, "पर कुटला त्यो ठावं न्हाई. असंच न्हवं?"

"तसंच," मी म्हणाले. मला तिच्याकडे बघवेना. "मला एवढंच माहितेय की त्या दिवशी नंबर रांगेनं दिले होते. टोकनंही होती, पण ती आम्ही परत गोळा केली. पुढच्या गावात वापरायला."

"काटकसर!" हौसाक्का म्हणाली.

गुरुजी माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "रांगेनं दिले होते ना? मग रांग लावू."

"कुठली रांग?"

"तीच. त्या दिवसाची." ते पायऱ्या उतरून मैदानात गेले. "चला, उठा सगळे! त्या रविवारी जसे उभे होता तसे उभे राहा. आपल्या पुढं कोण होतं, मागं कोण होतं, आठवा. यादी गेली तर गेली, माणसं आहेत ना!"

मला हा पोरखेळ वाटला. तीन आठवड्यांपूर्वीची रांग कुणाच्या लक्षात राहणार? पण मी शहरात वाढलेली. रांगेत आपल्या पुढं कोण उभं आहे हे मी कधी बघत नव्हते. धामणवाडीत सगळे बघत होते.

"मी पयला. पाटं पाचला आलतो."

"तू पयला? तुजी चप्पल पयली हुती. तू घरात चा पीत हुतास."

"माज्याम्होरं गुरवाची म्हातारी. सारकी खोकत हुती."

"ही बया मदीच घुसली हुती! आज सापडली. हो मागं!"

"मागं कशी हुईल? घुसली हुती न्हवं? मग घुसल्याल्या जागीच हुबी ऱ्हाणार की!" हे गुरुजी. सवयीनं त्यांच्या तोंडातही गावची बोली आली होती. त्यांचं म्हणणं सगळ्यांना पटलं. त्या दिवशीचा अन्याय आज होता तसाच पाहिजे होता.

चौघं आलेले नव्हते. कुणी गोव्याला कामाला, कुणी बाळंतपणाला माहेरी. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न मला पडला, गावाला पडला नाही. प्रत्येकाच्या जागी एकेक चप्पल ठेवली गेली. पायातली काढायची, मातीत ठेवायची आणि मागच्यानं ती ओलांडायची नाही. तिथल्या हातांनीच बनवलेल्या चपला, दोन पायांची माणसं उभी असावीत तशा रांगेत आपली जागा धरून बसल्या. गुरुजी रांगेच्या बाजूनं वरखाली फिरत होते. दोन भांडणं मिटवत होते, एकाचा कान धरत होते. तासाभरापूर्वी बाकावर बसलेला तो म्हातारा कुठल्या कुठं गेला होता.

साडेबारा वाजले. मी मोजलं, चपलांसकट एकसष्ट.

"एक कमी आहे, गुरुजी."

"मिळेल. तू सुरू कर."

मी पाकिटं कोडांच्या क्रमानं लावली. पंचावन्न नंबर नव्हता, बाकी सगळे होते. लेबलांकडे बघायचंच नाही असं ठरवून मी एक नंबरचं पाकीट पहिल्या माणसाच्या हातात दिलं. त्यानं चष्मा घातला आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेल्या घोषणेकडे बघितलं.

"स्वच्छता," त्यानं वाचलं. "घरोघरी. सगळं दिसतंय की!"

दुसरा म्हणाला, झकास. तिसऱ्यानं लांबच्या झाडावरचा बगळा दाखवला. दहा झाले, वीस झाले. प्रत्येक जण चष्मा घालून आधी भिंत वाचायचा, मग पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघून काहीतरी टोमणा मारायचा. तीस नंबरला हौसाक्का. चष्मा घातल्यावर ती सुनेकडे वळली आणि बराच वेळ बघत राहिली. "हां," ती म्हणाली, "आता बरोबर दिसायलीस." सूनच आधी हसली.

एकतीस नंबर बंडा सुतार. त्यानं चष्मा घातला आणि लगेच काढला. "ताई, पुन्ना तेच."

बत्तीसलाही तेच, तेहतीसलाही. मी थांबले. तीसपर्यंत सगळं बरोबर आणि तिथून पुढं सगळे एकेका घरानं सरकलेले. म्हणजे हौसाक्का आणि बंडाच्या मध्ये एक माणूस हवा होता, आणि तो रांगेत नव्हता.

"हौसाक्का, तुमच्या मागं कोण होतं?"

"ह्योच. बंडा. सारका तंबाकू मळत हुता."

"बंडा, तुझ्या पुढं?"

"हीच की हौसाक्का. शिव्या देत हुती."

"मध्ये कुणी नव्हतं? नीट आठवा. कुणीतरी होतंच."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. रांगेच्या शेपटाशी बायाक्का टाचा उंच करून बघत होती. एक वाजत आला होता.

"मदी कोन न्हवतं बगा," हौसाक्का म्हणाली. "गुरुजी तेवडं हुबं हुतं. पर ते रांग लावत हुतं, त्यांला कसं मोजायचं?"

मी वळून बघितलं. गुरुजी कडुलिंबाखाली उभे होते. हात जाकिटाच्या खिशावर.

ते सावकाश चालत आले. हौसाक्काला म्हणाले, "जरा पुढं सर," आणि तिच्या व बंडाच्या मध्ये उभे राहिले. मान खाली.

"एकतीस नंबर माझा," ते म्हणाले.

"गुरुजी, तुम्ही डोळे तपासून घेतले होते? मला बोलला नाहीत!"

"काय बोलायचं? तक्त्याची खालची ओळ मला वर्षभर दिसत नाहीये. पाठ आहे म्हणून छडी बरोबर पडते. तू तिकडं आत होतीस. इथं नर्सबाईंकडून फॉर्म भरून घेतला. म्हटलं, तुम्हाला कळलं तर म्हणाल, आता गुरुजी, घरी बसा. घरी बसून मी काय करणार, पोरी?"

हौसाक्कानं आणखी एक पाऊल पुढं सरून त्यांना ऐसपैस जागा करून दिली.

मी पुढं होऊन बंडाकडचं एकतीस नंबरचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, उघडलं मात्र नाही. "आधी बाकीच्यांचं बघ."

आता पाकिटं भराभर जागेवर पडायला लागली. बत्तीस बंडा, ठीक. तेहतीस ठीक. चाळीस. पन्नास. मी पुढं सरकत होते आणि माझ्याच डोक्यात एक हिशोब सरकत होता. मघाशी चोपन्नावी असलेली बायाक्का आता कितवी झाली ते मी जवळ पोचण्याआधीच मला कळलं. चोपन्न नंबर गुरवाच्या पोरीला दिला आणि पेटीत हात घातला. पुढचं पाकीट छप्पन्न होतं.

"काय झालं?" बायाक्कानं विचारलं.

"तुमचंच पाकीट नाहीये, बायाक्का." बासष्ट माणसांत नेमकी हीच. "पंचावन्न नंबर. कार्यशाळेतून आलंच नाही."

ती पिशवीचे बंद हातावर घट्ट गुंडाळत राहिली. खाली फाट्याच्या दिशेनं तिनं एकदा बघितलं, एसटी तिकडूनच यायची.

"थांब," गुरुजी म्हणाले. "किती म्हणालीस?"

"पंचावन्न."

त्यांनी जाकिटाच्या खिशात हात घातला आणि एक पाकीट काढलं. लेबलवर माझ्याच छपाईत नाव होतं, शिंत्रे सदाशिव. त्याच्या वर मार्करनं लिहिलेला कोड, पंचावन्न.

"सकाळी जीपमध्ये पेटी माझ्या मांडीवर होती ना," गुरुजी म्हणाले, "तेव्हाच माझ्या नावाचं काढून घेतलं. चारचौघांत घालायची लाज वाटली. इथं आल्यावर पाण्याच्या टाकीमागं जाऊन घालून बघितलं. काहीच दिसेना. म्हटलं, संपलं. चष्म्यानंसुद्धा दिसत नाही म्हणजे आपले डोळे गेलेच कामातून. सकाळपासून तेच घेऊन फिरतोय मी खिशात. अदलाबदल कळली तेव्हाच काढायला हवं होतं, पण सगळ्यांसमोर धीर झाला नाही."

बायाक्कानं त्यांच्या हातातून पाकीट घेतलं. चष्मा घातला. भिंतीकडे तिनं बघितलंच नाही. पिशवीतून वाद्यांची एक गुंडाळी काढली, दोऱ्यासारख्या बारीक कापलेल्या, आणि ती डोळ्यांसमोर धरली. मग तिची नजर वाद्यांवरून हातांवर गेली.

"आगं बाई," ती म्हणाली, "ही माजी बोटं? कवा येवडी भेगाळली?"

ती शाळेच्या पायरीवर बसली. पायाच्या अंगठ्यात टोकं अडकवली आणि बोटं चालू झाली. एक पदर वर, दोन खाली. आम्ही सगळे गोल करून उभे होतो. बोटभर वेणी झाली तेव्हा तिनं ती वर धरली, उजेडात आडवी-उभी करून बघितली, एक पदर उसवला आणि पुन्हा घातला. तो का उसवला ते आम्हा कुणालाच कळलं नाही. तिला दिसलं होतं.

फाट्यावर हॉर्न वाजला. बंडा धावत सुटला एसटी थांबवायला, मागोमाग बायाक्का, एका हातात पिशवी आणि दुसऱ्यात अर्धी वेणी.

"चष्मा सांभाळ गं!" हौसाक्का ओरडली.

बायाक्का पास झाली. आज त्या केंद्रात तिच्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली पाऊणशेच्या वर आहेत. गेल्या वर्षी तिनं मला स्वतः गुंफलेल्या वेणीची चप्पल पाठवली. ती मी अजून पायात घातलेली नाही.

पण त्या दिवशी चार वाजता जीप आली तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. गुरुजी आणि मी मागच्या बाकावर बसलो. खिंडीत रेंज आली. मी लॅपटॉप उघडला आणि नावांचं पान गुरुवारच्या आधी होतं तसं परत आणलं. एका टिचकीचं काम होतं.

"बघू," गुरुजी म्हणाले. त्यांनी एकतीस नंबरचं पाकीट उघडून चष्मा घातला, लॅपटॉप मांडीवर ओढला आणि पडद्यावर बोट ठेवलं. यादीच्या वर, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचली. "या यादीत कृपया फेरफार करू नये." मग माझ्याकडे बघितलं. "हे आधीपासून होतं?"

"होतं, गुरुजी."

"डोळ्यांच्या ट्रस्टमध्ये एवढं बारीक लिहून कुणाला वाचायला सांगत होतीस गं?"

मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. कारण त्याहून मोठी गोष्ट मला मघापासून टोचत होती. गुरुजींच्या नावाचं लेबल माझ्याच हातांनी फाडून डकवलेलं होतं. शिंत्रे सदाशिव, स्पष्ट छापलेलं. रोज शेजारी बसून चहा पिणाऱ्या माणसाचं नाव माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला दिसलं नाही. कोडासमोर नाव आणणारी व्यवस्था मी केली, पण ती बासष्ट नावं मी एकदाही वाचली नव्हती. हेही मी त्यांना सांगितलं, आणि मघाशी आवाज चढवला त्याबद्दल माफी मागितली. डॉक्टरांना फोन केला तेव्हा मी चूक दोघांची होती असं म्हणाले. गुरुजींनी फोन काढून घेऊन ती फक्त त्यांची आहे असं सांगितलं, मी तो परत काढून घेतला. चाळीस गावांचं काम मग आम्ही दोघांनी मिळून केलं. प्रत्येक गावची यादी छापण्याआधी गुरुजी वाचायचे.

पण ते पुढं. त्या संध्याकाळी गुरुजींनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मग आता वाच की. घर यायला अजून वेळ आहे."

जीप घाट उतरत होती. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. कोड, मग नाव. प्रत्येक नावाला गुरुजी काहीतरी सांगत. हा गणितात कच्चा, हिचा गळा गोड, याच्या बापालाही मीच शिकवलं. तीस नंबर, आजगेकर हौसाबाई. हिच्याशी वाद घालू नकोस, ते म्हणाले.

"एकतीस," मी वाचलं. "शिंत्रे सदाशिव."

गुरुजी ताठ बसले, चष्मा नाकावर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हजर."